सव गावाचे पहिले वेबपान

महाडजवळ सावित्रीच्या काठी वसलेले सव हे गाव तेथील उन्हाळ्यांसाठी, म्हणजे जमिनीतून आपोआप वर येणाऱ्या गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी, ओळखले जाते. महाड किंवा पोलादपूर तालुक्यातील एखाद्या शाळेने विद्यार्थ्यांना वेबपान तयार करायला शिकवायचे ठरवले, तर हे झरे पहिल्या पानाला उत्तम विषय ठरतील. कारण त्यांत भूगोल आहे, मोजण्याजोगी माहिती आहे आणि ती माहिती बाहेरच्या माणसाला सांगण्याची खरी गरजही आहे. नवशिके बहुधा रंग, चित्रे आणि हलणारी अक्षरे यांपासून सुरुवात करतात आणि तेथेच अडकतात. पान आधी अर्थाने बांधावे आणि मग सजवावे, हा क्रम सुरुवातीलाच अंगवळणी पडला तर पुढचे शिकणे पुष्कळ सोपे जाते.

वेबपान ही मुळात एक साधी मजकुराची फाइल असते. त्या मजकुरात कोणता भाग शीर्षक आहे, कोणता परिच्छेद आहे, कोठे चित्र यावे, हे ब्राउझरला, म्हणजे पाने उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रामला, कळावे म्हणून विशिष्ट खुणा घातल्या जातात. या खुणांच्या पद्धतीला एचटीएमएल म्हणतात. टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि 30 एप्रिल 1993 रोजी त्या संस्थेने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले, म्हणूनच आज कोणत्याही शाळेला पान लिहिण्यासाठी परवानगी घ्यावी लागत नाही की शुल्क भरावे लागत नाही. संगणकात आधीपासून असलेले नोटपॅड आणि एक ब्राउझर एवढ्या सामग्रीवर काम भागते. लिहिणे आणि तपासणे या दोन्हींसाठी इंटरनेटही लागत नाही, ही डोंगराळ भागातील शाळांच्या दृष्टीने मोठीच सोय आहे.

सवच्या पानाला एकच मुख्य शीर्षक असावे आणि त्याखाली झरे कसे निर्माण होतात, पाण्याचे तापमान किती असते, गावात कसे यावे, असे उपविभाग असावेत. पावसाचे पाणी खडकांतील भेगांवाटे खोलवर मुरते, तेथील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते, हे पहिल्या विभागात दोन परिच्छेदांत सांगता येईल. दुसऱ्या विभागासाठी विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात तापमान मोजून तक्ता करावा. गावातल्या मुलांनी स्वतः घेतलेली ही नोंद पानाची सर्वांत मोलाची सामग्री होईल. शीर्षके केवळ अक्षरे मोठी करून न दाखवता शीर्षकाच्या खुणेनेच लिहावीत, कारण अंध वाचकांसाठी मजकूर मोठ्याने वाचणारे प्रोग्राम त्या खुणांवरूनच एका विभागातून दुसऱ्या विभागात जातात. प्रत्येक छायाचित्रासोबत ‘सव येथील गरम पाण्याचे कुंड आणि मागे सावित्रीचे पात्र’ असे वर्णनही लिहावे. चित्र उघडले नाही तरी ते वर्णन वाचकापर्यंत पोहोचते.

मराठी पानापुढे काही खास अडचणी येतात आणि बहुतेक पुस्तिका त्यांविषयी गप्प असतात. जुन्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तोच फाँट नसलेल्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो आणि शोधयंत्रालाही सापडत नाही; म्हणून मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, लिहावा आणि फाइल यूटीएफ-8 या प्रकारात जतन करावी. पानाच्या आरंभीच भाषा मराठी असल्याचे नोंदवले, तर ती सोय असलेले फाँट ‘ल’ आणि ‘श’ यांची हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाची रूपे दाखवतात. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली येत असल्याने दोन ओळींतील अंतर अक्षराच्या उंचीच्या सुमारे दीडपट तरी ठेवावे. इंग्रजी शीर्षकांप्रमाणे अक्षरे विरळ करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण त्यामुळे शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. सूचनाफलकाचा फोटो काढून तो पानावर चिकटवण्याची सवय शाळांमध्ये सर्रास दिसते. तिच्यामुळे मजकूर ना शोधता येतो, ना मोठा करून नीट वाचता येतो.

सजावटीचे नियम सीएसएस या वेगळ्या पद्धतीत लिहिले जातात. होकॉन व्हियुम ली यांनी ती 1994 मध्ये सुचवली, आणि मजकूर व रूप वेगळे ठेवल्याने एका फाइलमध्ये बदल करून सगळ्या पानांचे रंग बदलता येतात. नवशिक्याला एक फाँट, दोन रंग आणि भरपूर मोकळी जागा पुरेशी आहे. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातील उजेडाचे गुणोत्तर किमान 4.5 ला 1 असावे, असा सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांचा दंडक आहे. पांढऱ्यावर पिवळी अक्षरे त्यात कधीच बसत नाहीत.

छायाचित्रांचे वजन हा या परिसरात विशेष काळजीचा विषय आहे. मोबाइलने काढलेला 4 एमबीचा फोटो सेकंदाला 200 किलोबिट इतक्या मंद जोडणीवर उतरायला 160 सेकंद लागतात, तर रुंदी कमी करून 150 केबीवर आणलेला तोच फोटो सुमारे 6 सेकंदांत दिसतो. डोंगराआडच्या वाडीत मोबाइलवर पान उघडणाऱ्या पालकाच्या दृष्टीने हा फरक म्हणजे पान दिसणे आणि न दिसणे यांतला फरक आहे.

पहिले पान जमल्यावर त्याला दुवे, म्हणजे एका पानावरून दुसऱ्यावर नेणारे शब्द, जोडता येतात: गांधारपाले लेणी, 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सत्याग्रह केलेले चवदार तळे, तानाजी मालुसरे यांचे उमरठ, अशी एकेका वर्गाने लिहिलेली पाने त्यातून परस्परांना जोडली जातील. दुव्यावर ‘येथे क्लिक करा’ असे न लिहिता ‘चवदार तळ्याचा इतिहास’ असे लिहावे, म्हणजे वाचकाला आपण कोठे जाणार हे आधीच कळते. जुलै 2021 च्या महापुरात महाड शहरात पाणी शिरले होते. अशा भागात या फाइलींची एक प्रत शाळेच्या संगणकावर आणि दुसरी गावाबाहेर ठेवणे आवश्यकच आहे.

पान सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी मुलांची नावे, छायाचित्रे आणि संपर्क क्रमांक त्यावर राहिलेले नाहीत, याची खात्री शिक्षकांनी करावी; 2023 च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक मानली आहे. 2014 पासून ‘.भारत’ या शेवटासह देवनागरीतही पत्ता घेता येतो, मात्र त्यासाठी दरवर्षी शुल्क भरावे लागत असल्याने पहिल्या वर्षी विनामूल्य जागेवर पान ठेवून पाहणे शहाणपणाचे आहे. पानाच्या तळाशी शेवटच्या दुरुस्तीची तारीख लिहावी आणि तापमानाचा तक्ता दर हंगामात पुढे नेण्याचे काम नव्या वर्गाकडे सोपवावे.