ताबा घेताना फोटोही काढा

नव्या फ्लॅटमध्ये पहिल्या पावसाळ्यात छताला ओल आली, तर ती कधी दिसू लागली हे दाखवायचे कसे? २०१६ च्या रेरा कायद्याचे कलम १४(३) घरमालकाच्या बाजूने आहे. ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष कळवला, तर विकासकाने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. त्यामुळे इथे तारखेला फार मोल आहे.

मोबाइलच्या फोटोत चित्राबरोबर ‘एक्झिफ’ नावाची माहितीही साठते: फोटोची वेळ, कॅमेऱ्याचे मॉडेल आणि लोकेशन चालू असल्यास अक्षांश-रेखांश. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर टिकते. मात्र एक्झिफमध्ये फेरफार करता येतो. म्हणून मूळ फाइल जपावी आणि दोष दिसताच फोटो विकासकाला ई-मेल करावेत. त्या तारखेची नोंद मग दोघांकडेही राहते.

भेगेचा फोटो शेजारी मोजपट्टी धरून काढावा आणि काही महिन्यांनी तसाच पुन्हा काढावा. भेग स्थिर आहे की रुंदावते आहे, हे त्यातून कळते. विकासकाकडून भिंतीतल्या नळांचे व वायरिंगचे नकाशे मागून घ्यावेत. पुढे ड्रिल मारताना पाइप फुटणार नाही. पंप, गीझर यांची हमीपत्रेही स्कॅन करून फोटोंच्याच फोल्डरमध्ये ठेवावीत. आयुष्याची पुंजी घातलेल्या घरासाठी एवढे कष्ट प्रत्येकाने घ्यायलाच हवेत.