खरखरीत शाई आणि वॉशिंग्टनचा चेहरा

अमेरिकी सरकारने १८४७ साली पहिली टपाल तिकिटे काढली. तेव्हापासून सत्तर वर्षे रोजच्या वापराची तिकिटे एकाच पद्धतीने छापली गेली. चित्र पोलादात बारीक रेषांनी कोरायचे, त्यावरून छपाईच्या प्लेटा करायच्या, खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची आणि ओलसर कागद दाबायचा. कागदावर शाईच्या रेषा किंचित उठून येत. अशा तिकिटांवरचा वॉशिंग्टन, शिल्पकार ऊदोंच्या पुतळ्यावरून घेतलेला, आजही भिंगाखाली पाहावासा वाटतो.

पहिल्या महायुद्धाने ही परंपरा मोडली, आणि सुरुवात झाली रंगापासून. उत्तम रंगद्रव्ये जर्मनीत बनत. ब्रिटिश नाकेबंदीने ती वाट बंद झाली. टंचाई इतकी होती की जुलै १९१६ मध्ये 'डॉइचलांड' ही जर्मन पाणबुडी बाल्टिमोरला आली ती मुख्यतः रंगच घेऊन! देशी रंगांवर भागवावे लागले, पण त्यांत खरखरीत कण असत. प्रत्येक छपाईला प्लेट पुसावी लागे, आणि हे कण सँडपेपरसारखे पोलाद घासत. रेषा पाहता पाहता उथळ होत.

आणि नेमकी त्याच वेळी मागणी वाढली. २ नोव्हेंबर १९१७ पासून युद्धकर म्हणून पत्राचा दर दोन सेंटांवरून तीन सेंट झाला. जांभळ्या तीन सेंटी तिकिटांचे ढीग हवे होते. ती छापणारा वॉशिंग्टनमधला सरकारी छापखाना युद्धकर्जाच्या रोख्यांतही गुंतला होता. झिजलेल्या प्लेटा बदलायला नव्या कोठून आणायच्या?

मार्च १९१८ मध्ये तीन सेंटांचे तिकीट ऑफसेटवर छापून आले. अमेरिकी टपाल तिकिटांच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडत होते. ऑफसेटमध्ये खाचा नाहीत, त्यामुळे पुसणे नाही. फोटोच्या निगेटिव्हवरून पातळ धातूच्या प्लेटवर चित्र उतरवायचे, तिथून ते रबरावर आणि रबरावरून कागदावर. तीन सेंटांमागोमाग एक सेंटाचे आणि १९२० साली दोन सेंटांचे तिकीटही याच पद्धतीने निघाले.

या तिकिटांचा पृष्ठभाग गुळगुळीत आणि रेषा पुसट. कोरीव कामाची शान त्यांत नाही, हे मान्यच करावे लागते. तरी मला ती प्रिय वाटतात, कारण कारागिरांची धडपड त्यांत दिसते. निगेटिव्हवर हाताने रेषा सुधारल्या गेल्या, म्हणून एकाच चित्राचे वेगवेगळे प्रकार जन्मले. तीन सेंटांच्या एका प्रकारात 'पोस्टेज' या शब्दातली पहिली दोन इंग्रजी अक्षरे रंगीत रेषेने वेगळी आहेत, तर दुसऱ्यात ती जोडलेली. दोन सेंटांचे पाच प्रकार कॅटलॉगमध्ये नोंदले आहेत. काही तिकिटांवर तर चित्र दोनदा उमटले आहे. कोरीव तिकीट कोणते आणि ऑफसेटचे कोणते, हे ठरवायला संग्राहक तिकिटावर पातळ अ‍ॅल्युमिनियमचा कागद ठेवून खोडरबराने हलके घासतात. कोरीव तिकिटाच्या रेषा कागदावर उमटतात, ऑफसेटच्या नाहीत.

टंचाईच्या या काळात कागदाचीही काटकसर झाली. गुंडाळीची तिकिटे छापताना उरलेले तुकडे एरवी रद्दीत गेले असते. १९१९ पासून त्यांना भोके पाडून तेही विकायला काढले. त्यांतली काही आज फार दुर्मीळ आहेत.

१ जुलै १९१९ ला दर पुन्हा दोन सेंटांवर आला, आणि १९२० नंतर ऑफसेट बंद होऊन कोरीव छपाई परतली. पुढे १९६४ च्या 'होममेकर्स' तिकिटात ऑफसेट पुन्हा आले, तेही कोरीव कामाच्या जोडीने.