एसची एस ११ होताना

ऑगस्ट २०२२मध्ये महिंद्राने जुनी स्कॉर्पिओ ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा बाजारात आणली, तेव्हा तिची दोनच मॉडेलं होती: एस आणि एस ११. एसची शोरूम किंमत ११ लाख ९९ हजार, एस ११ची १५ लाख ४९ हजार. बॉनेटखाली दोघींना तेच २.२ लिटरचं एमहॉक डिझेल इंजिन, तीच १३२ पीएसची ताकद, तोच सहा गिअरचा गिअरबॉक्स. साडेतीन लाख जात होते ते अलॉय व्हील, डीआरएल, फॉग लॅम्प, टचस्क्रीन, क्रूझ कंट्रोल अशा गोष्टींवर. यातल्या ज्या बाहेरून दिसतात, त्या नंतर बसवून देणारे कारागीर आज गावोगावी आहेत. मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, दिल्लीत करोल बाग ही त्यांची मोठी ठिकाणं. गिऱ्हाईक विचारतं, ‘बेस टू टॉप करून मिळेल का?’

हे काम शक्य होतं ते कारखान्याच्या हिशेबामुळे. एकाच गाडीच्या स्वस्त आणि महाग मॉडेलसाठी वेगळे पत्रे ठोकायचे म्हणजे वेगळे डाय आले, आणि डाय फार महाग. म्हणून पत्रा एकच ठेवतात आणि बंपर, ग्रिल, दिवे, चाकं बदलतात. लॉक बसायची भोकं, बोल्टच्या जागा बहुतेक त्याच राहतात. टोयोटाने जानेवारी २०२१मध्ये फॉर्च्युनरची लेजेंडर आणली, आणि २०१६नंतरच्या जुन्या फॉर्च्युनरला तो चेहरा चढवण्याचे किट बाजारात आले, ते याच कारणाने.

पार्ट मिळणं हा कामाचा सोपा भाग. कस लागतो पेंटरचा. बंपर असतो पॉलीप्रॉपिलीनचा, आणि या प्लास्टिकवर रंग सहजी धरत नाही. आधी घासून, पुसून, प्लास्टिक प्रायमर मारला नाही, तर पहिल्या काही धुलाईतच पापुद्रे निघू लागतात. नंतर शेड. कंपनीचा कलर कोड घेऊन रंग बनवला तरी तो कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या गाडीचा असतो. समोरची गाडी तीन उन्हाळे रस्त्यावर तापलेली असते. चांगला पेंटर आधी पत्र्याच्या तुकड्यावर शेड मारतो, तो फेंडरला लावून उन्हात बघतो, सावलीत बघतो, पुन्हा थेंब थेंब रंग घालतो. सिल्व्हर आणि मोतिया पांढऱ्यात तर गन किती लांबून फिरवली यानेही शेड बदलते, कारण आतले चमकीचे कण वेगळे बसतात. पावसाळ्यात दमट हवेत थिनर भराभर उडाला की रंगावर पांढुरकी झाक येते. अशा दिवशी गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ म्हणणाऱ्या पेंटरला मी मोठा कारागीर मानतो.

दुसरा कारागीर वायरमन. त्याचं काम झाकलेलं राहतं, म्हणून त्यात लबाडीही सहज खपते. बेस मॉडेलच्या हार्नेसमध्ये फॉग लॅम्पची वायर असेलच असं नाही. मग घाईचा माणूस हेडलाइटची वायर सोलून तिलाच जोड मारतो आणि वर टेप गुंडाळतो. दिवे लागतात, गिऱ्हाईक खूश होतं. पण ती वायर दोन्हींचा भार सोसून तापते, आणि कंपनीची वॉरंटी अशा कापाकापीवरच अडते. नीट काम म्हणजे बॅटरीपासून वेगळी लाइन, तिला स्वतःचा फ्यूज आणि रिले, आणि जोड शक्य तिथे कपलरला कपलर. काम देण्याआधी फ्यूज कुठे बसणार एवढं विचारावं. उत्तरावरून माणूस कळतो.

बंपर बदलताना आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहावी. आपल्याला दिसतं ते फक्त आवरण. धक्का झेलायला त्याच्या मागे आडवी पट्टी असते, बऱ्याच गाड्यांत तिच्यावर फोमही. नवं आवरण बसत नाही म्हणून फोम कापणाऱ्याकडून गाडी उचलावी आणि घरी यावं. चाकांचा हिशेबही असाच. एस ११चा टायर २३५/६५ आर१७, म्हणजे उंची सुमारे ७३७ मिलिमीटर. १८ इंची चाक हवंच असेल तर २३५/६० घ्यावा. उंची ७३९च्या आसपास राहते आणि स्पीडोमीटर खोटं बोलत नाही.

कायदा यात आहेच. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२नुसार नोंदणी प्रमाणपत्रातल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. गाडीचा रंगच बदलायचा तर आरटीओत नोंद हवी. पुढचा लोखंडी क्रॅश गार्ड केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच बेकायदा ठरवला आहे; तो कुणी ‘किटमध्ये फुकट’ दिला तरी नको. नवे दिवे आणि चाकं विमा कंपनीला कळवून पॉलिसीत घालून घ्यावीत.

राहिला मागच्या दारावरचा ‘एस ११’ बॅज. आपल्या पैशाने, हौसेने गाडी सजवण्यात काहीच गैर नाही आणि या कारागिरांच्या हाताचं मला मनापासून कौतुक आहे. पण बॅज लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी पुढे विकली जाते, आणि तो बॅज तिसऱ्याच माणसाच्या खिशातून पैसे काढतो. जुनी स्कॉर्पिओ घेणाऱ्याने म्हणून बंपरकडे पाहण्याआधी आरसीवरचं मॉडेलचं नाव वाचावं आणि मग आत बसून स्टीअरिंगवर क्रूझ कंट्रोलची बटणं आहेत का ते पाहावं.