फायबरच्या होडीचा जलोदर

लाकडी होडीला कीड लागते, तिच्या फळ्यांचे सांधे दरसाल नव्याने बुजवावे लागतात, आणि या नित्याच्या खर्चातून एकदाची सुटका व्हावी म्हणून कोकणातील पुष्कळ नाखव्यांनी फायबरची होडी पत्करली. तिला वाळवी लागत नाही हे खरे. परंतु १९४२ च्या सुमारास अमेरिकेतील ओहायो प्रांतात रे ग्रीन याने काचतंतू आणि पॉलिएस्टर यांची होडी घडविली, तेव्हापासून या पदार्थाला अजरामर मानण्याचा जो प्रघात पडला, त्याला शास्त्राचा आधार नाही.

काच पाणी पीत नाही. तिला बांधून ठेवणारी राळ मात्र किंचित पिते. तळावरील जेलकोटचा गुळगुळीत थर पाण्याच्या सूक्ष्म रेणूंना सावकाश आत येऊ देतो. तेथे घडणीच्या वेळी अपुरी बद्ध झालेली द्रव्ये त्या पाण्यात विरघळतात, त्यांचे मोठे रेणू बाहेर पडू शकत नाहीत, आणि त्या दाट द्रवाकडे बाहेरचे पाणी अधिकाधिक ओढले जाऊन परासरणाच्या दाबाने तळावर फोड उठतात. फोड टोचला असता शिरक्यासारखा आंबट वास येतो, आणि निदानाची खातरजमा होते. समुद्राचे पाणी स्वतःच क्षारयुक्त असल्यामुळे ही ओढ तेथे काहीशी सौम्य असते. गोड्या पाण्यात ती बळावते.

फोड फोडून वर लुकण लावणे आणि रंग देणे हा इलाज मी मखलाशीच समजतो, कारण आतील आम्ल तसेच राहते. रोगट जेलकोट खरवडून काढावा, उघडा तळ गोड्या पाण्याने, शक्य तर गरम पाण्याने, पुनःपुन्हा धुवावा, आणि मग तो वाळू द्यावा. या शेवटच्या कामाला कित्येक आठवडेही लागतात, आणि नेमका तेथेच मालकाचा धीर सुटतो. त्यानंतर इपॉक्सीचे थर द्यावयाचे.

भोक पडले असेल तर प्रथम भोवतालचा भाग हातोडीने हलके ठोकून पाहावा. सुटलेल्या थरांवर नाद बद्द येतो. जुन्या राळेची रासायनिक बंधने बव्हंशी पूर्ण झालेली असल्याने नवा थर तिच्याशी रसायनाने फारसा जुळत नाही, घासून खरबरीत केलेल्या पृष्ठभागाला पकडूनच तो टिकतो. म्हणून जाडीच्या बारापट लांबीचा उतार घासण्याचा दंडक आहे: ६ मिलिमीटर जाडीच्या तळाला भोकाच्या चहूबाजूंस ७२ मिलिमीटर. (पॉलिएस्टर वापरणाऱ्याने हार्डनर आणि कोबाल्टचा प्रवेगक एकमेकांत थेट कधीही ओतू नयेत, स्फोट होतो.)

आपल्याकडील खरी अडचण पंचांगाची आहे. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत यांत्रिक होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात, आणि दुरुस्तीला फुरसत तेव्हाच मिळते. परंतु ओला तळ वाळविण्यास त्याहून प्रतिकूल हवा वर्षभरात दुसरी नाही. पावसाळ्यात उघडा तळ फुकट धुतला जाईल, वाळण्यासाठी मात्र दिवाळीनंतरची कोरडी हवा हवी, आणि त्या सुमारास हातची कमाई सोडून होडी ओढून ठेवण्यास कोणता नाखवा राजी होईल? अशा वेळी भेगा आणि भोके बंद छपराखाली, तेवढाच भाग दिव्याच्या उष्णतेने सुकवून, पावसाळ्यातच बुजवावीत, आणि विरळ, उथळ फोडांना खुशाल मुदत द्यावी. तेवढ्याने होडीच्या बळकटीला सहसा बाध येत नाही.