हरित परिसर आणि मनःस्वास्थ्य : कार्यकारणाचा प्रश्न

वृक्षराजीच्या सान्निध्यात चित्त प्रसन्न होते, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. तथापि समजूत रूढ असणे वेगळे आणि ती सिद्ध होणे वेगळे. उद्यानाजवळ राहणारे लोक अधिक समाधानी आढळले, तरी ते समाधान उद्यानामुळेच आले, असे म्हणता येत नाही. उद्यानालगतची घरे पुष्कळदा महाग असतात व ती सुस्थितीतील कुटुंबांनाच परवडतात. अशा वेळी सांपत्तिक स्थितीचा परिणाम झाडांच्या नावावर जमा होण्याचा संभव असतो.

ही अडचण टाळण्याचा एक मार्ग रॉजर उल्रिच यांनी १९८४ मध्ये दाखविला. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी घेऊन त्यांनी परस्परांशी जुळणाऱ्या २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीतील एकाला खिडकीतून झाडे दिसत, तर दुसऱ्याला विटांची भिंत. पहिल्या गटाचा मुक्काम सरासरी ७.९६ दिवसांचा, तर दुसऱ्याचा ८.७० दिवसांचा होता. मात्र हे रुग्ण होते. वस्तीतील रहिवासी नव्हेत.

रहिवाशांविषयीचा प्रश्न फिलाडेल्फिया शहरातील प्रयोगाने हाती घेतला. युजेनिया साउथ, चार्ल्स ब्रानस प्रभृतींनी २०१८ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. शहरातील ५४१ ओसाड भूखंडांची यदृच्छेने तीन गटांत विभागणी करण्यात आली. काही भूखंडांवरील कचरा काढून, जमीन सारखी करून तेथे हिरवळ व थोडी झाडे लावली आणि ठेंगणे लाकडी कुंपण घातले. काहींची केवळ सफाई केली. उरलेले होते तसेच ठेवले. कोणता भूखंड कोणत्या गटात जावा, हे यदृच्छेने ठरल्यामुळे रहिवाशांच्या सांपत्तिक स्थितीचा अडसर दूर झाला.

आधी व नंतर घेतलेल्या मुलाखतींवरून असे दिसले की, हिरवळीच्या परिसरात उदासपणा वाटत असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण अस्पृष्ट भूखंडांच्या तुलनेत ४१.५ टक्क्यांनी घटले. दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत ही घट ६८.७ टक्के होती. केवळ सफाईने असा लक्षणीय फरक पडला नाही. एकूण मनःस्वास्थ्यातील सुधारणा मात्र संख्याशास्त्राच्या प्रचलित निकषास किंचित उणी पडली. शिवाय हिरवळ, कुंपण व नियमित निगा ही एकत्रच असल्याने त्यांपैकी कशाचा वाटा किती, हे या प्रयोगातून निवडता येत नाही.

आणखी एक बाब भाषेच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे. हे मापन शब्दांवर उभे आहे. गेल्या ३० दिवसांत अस्वस्थता, निराशा, निरुपयोगीपणा इत्यादी भावना कितपत जाणवल्या, हे सहा प्रश्नांद्वारे विचारले गेले. मराठीत ‘उदास’, ‘खिन्न’ व ‘निराश’ हे समानार्थी नव्हेत. आणि पुष्कळ माणसे यांपैकी एकही शब्द न वापरता ‘कशात मन लागत नाही’ एवढेच सांगतात. म्हणून असा प्रयोग मराठी भाषिकांच्या नगरांत करावयाचा झाल्यास झाडे लावण्यापूर्वी प्रश्नांचे शब्द पारखून घ्यावे लागतील. अन्यथा मनातील पालट खराच घडून येईल, परंतु प्रश्नावलीत तो उमटणार नाही.