गोचीड किती वेळा घर बदलते?

सप्टेंबर २०२० मध्ये पालघर जिल्हा प्रशासनाने काँगो तापाबाबत सावधगिरीचा इशारा दिला. शेजारच्या गुजरातमध्ये रुग्ण आढळले होते आणि हा आजार पसरवणारी गोचीड गुरांच्या अंगावरून जिल्ह्याची हद्द सहज ओलांडते. वसई-विरार पट्ट्यात तबेले आहेत, गल्लोगल्ली कुत्रीही आहेत. मात्र सगळ्या गोचिडी सारख्या नसतात.

प्रयोगशाळेत रक्त पिऊन फुगलेली मादी काचेच्या नळीत, दमट हवेत ठेवतात. ती हजारो अंडी घालून मरते. अंड्यांतून सहा पायांची पिल्ले निघतात. रक्त पिऊन कात टाकली की आठ पायांची ‘निम्फ’, पुन्हा रक्त व कात, मग प्रौढ गोचीड. हा क्रम सारखाच. फरक आहे तो कात कुठे टाकतात यात.

गुरांवरची ‘ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस’ साधारण तीन आठवडे एकाच जनावरावर राहून वाढते. म्हणून बॅबेसिया हा रक्तातील परजीवी तिच्या अंड्यांवाटे पुढच्या पिढीत जातो. तिचीच जातभाई, कुत्र्यावरची ‘ऱ्हिपिसेफॅलस सॅंग्विनियस’, प्रत्येक जेवणानंतर खाली उतरते, भिंतीच्या फटीत कात टाकते आणि नवा यजमान शोधते. त्यामुळे एका कुत्र्याचा आजार दुसऱ्याला लागतो. काँगो तापाचा विषाणू वाहणारी ‘हायलोमा’ही बहुधा असाच यजमान बदलते. २०१६ पासून सिंधुदुर्गात दोडामार्ग परिसरात आढळलेल्या माकडतापाची ‘हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा’ तीन यजमान घेते. माणसाला मुख्यतः तिची बारीक निम्फ चावते.

उपाय यावरूनच ठरतो. मायक्रोप्लससाठी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जनावरावर औषध मारणे महत्त्वाचे. कुत्र्याच्या गोचिडीसाठी तेवढे पुरत नाही. बिछाना, कोपरे, फटीही साफ कराव्या लागतात. हायलोमा असल्यास गोठ्याच्या भिंतीही बुजवाव्यात.

गोचीड नखाने चिरडू नये. अंगाला चिकटली असल्यास चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी, रॉकेल वा चटका देऊ नये, जागा साबणाने धुवावी. पुढील दोन आठवड्यांत ताप, अंगदुखी किंवा रक्तस्राव झाला तर लगेच रुग्णालय गाठावे आणि डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता गोचीड चावल्याचे सांगावे. तपासणीची दिशा त्या एका वाक्याने बदलते.