संगणकशाळेतली उमेदवारी

परंदवडीसारख्या मावळातल्या गावात भाताची आवणी कोणी फळ्यावर शिकवीत नाही. पोर आईशेजारी चिखलात उतरते, तिच्या बोटांकडे पाहते आणि रोप लावते. वाकडे लागले, तर आई तिथल्या तिथे टोकते. सुतार, गवंडी, शिंपी यांचीही हीच रीत. तिला आपण उमेदवारी म्हणतो.

असाच एखादा मुलगा बारावी होऊन पुण्याच्या कॉलेजात संगणकशास्त्र शिकू लागतो. तेथे पुष्कळदा तयार प्रोग्रॅम फळ्यावरून वहीत उतरतो आणि वहीतून उत्तरपत्रिकेत. पण तयार प्रोग्रॅम म्हणजे ताटात वाढलेली पुरणपोळी! ती नुसती पाहून पुरण किती आटवायचे, हे कसे कळावे? मग कोऱ्या पडद्यासमोर मुलगा अडतो आणि ‘हे आपल्या डोक्याचे काम नव्हे’ असे ठरवून बसतो. खरे नुकसान आहे ते हे.

१९८९ साली अमेरिकेतील ॲलन कॉलिन्स, जॉन सीली ब्राउन व सुसान न्यूमन यांनी वाचन, लेखन आणि गणित यांसाठी उमेदवारीचीच वाट सुचवली. हाताचे काम दिसते, डोक्यातले दिसत नाही. म्हणून उस्तादाने आपला विचार मोठ्याने बोलून दाखवावा. समजा, वर्गाच्या गुणांची सरासरी काढायची आहे. गुरुजींनी मुलांदेखत प्रोग्रॅम लिहावा, मध्येच थांबून विचारावे, ‘यादीत एकही नाव नसेल, तर भागायचे कशाने?’ मग मुलाने लिहावे, गुरुजींनी मागे उभे राहावे. हा आधार गवंड्याच्या परांचीसारखा: भिंत वर येईपर्यंत हवा, नंतर उतरवलाच पाहिजे.

फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठाने २०१० साली ही रीत प्रोग्रॅमिंगच्या पहिल्याच अभ्यासक्रमाला लावली. व्याख्याने कमी केली आणि सुरुवातीपासून लहान लहान, पण पुष्कळ उदाहरणे सोडवायला दिली. मार्गदर्शक जवळ असत, मात्र उत्तर सांगत नसत. ते मुलालाच सापडावे, इतपत वाट दाखवीत.

इतके उस्ताद आणायचे कोठून, ही शंका रास्त आहे. हेलसिंकीत पुढे गेलेले विद्यार्थीच नव्यांना हात देत. आपल्या कारखान्यांतही जुना उमेदवार नव्याला हत्यार धरायला शिकवतोच की!

तेव्हा दिवाळीला मुले घरी आली, की ‘गुण किती?’ हे जरा मागाहून विचारा. आधी विचारा, ‘कोणती चूक शोधून काढलीस, आणि तेव्हा शेजारी कोण होते?’